माझ्या झाकणावरची चिठ्ठी

मी एक जुना मिक्सर आहे, आणि मी रागावलेला आहे.

मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेले बरे. तुम्ही शाळेतून रांगेने या प्रयोगशाळेच्या इमारतीत येता, कपाटाच्या काचेला नाके लावता आणि म्हणता, "अय्या, सोन्याची काडेपेटी!" तुमच्या बाई म्हणतात, "लांबून बघा रे." तोवर तुमचे बघून झालेले असते आणि तुम्ही पुढच्या कपाटाकडे पळता. माझ्या झाकणावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. ती आजवर तुमच्यापैकी एकानेही वाचलेली नाही. आज वाचायची आहे. पण ती तिथे कशी आली ते आधी ऐकून घ्या.

ओट्यावरचा मिक्सर तो वेगळा. त्याच्यात पाते असते आणि तो घरभर ओरडतो. माझ्यात पाते नाही, आणि मला ओरडता आले असते तर ही गोष्ट इतकी लांबलीच नसती. मी लहरी मिसळतो.

हवेतल्या वाफेतून सतत फार बारीक लहरी निघत असतात, एका सेकंदात एकशे त्र्याऐंशी अब्ज वेळा थरथरणाऱ्या. त्या नीट मोजल्या की हवेत कुठे किती वाफ साठली आहे ते कळते, आणि जोराचा पाऊस येण्याआधी माणसांना सावध करता येते. पण इतक्या घाईची लहर तारेतून नेता येत नाही, ती वाटेतच विरून जाते. मग काय करायचे? तुमच्या वर्गात दोन पंखे असतील. दोन्ही जवळजवळ एकाच वेगाने फिरत असले की त्यांच्या घरघरीतून एक तिसराच संथ आवाज उमटतो, घूंऽ... घूंऽ... तो त्या दोघांमधल्या फरकाचा आवाज. मीही तसाच फरक काढतो. वाफेची लहर माझ्या एका दाराने आत येते, माणसांनी तयार केलेली ओळखीची लहर दुसऱ्या दाराने येते, आणि तिसऱ्या दारातून मी त्यांच्यातला फरक बाहेर सोडतो. तो संथ असतो. तो तारेतून नेता येतो, मोजताही येतो.

हे काम माझ्या पोटातले दोन भाऊ करत. त्यांना डायोड म्हणतात. डायोड म्हणजे एका बाजूने वाट देणारे आणि उलट बाजूने अडवणारे दार. माझे भाऊ खसखशीच्या दाण्याहून लहान होते आणि शेजारीशेजारी, पण उलट्या तोंडांनी बसवलेले होते. लहर जाताना एक जागा होई, येताना दुसरा. ओळखीच्या लहरीच्या एका हेलकाव्यात काम दोनदा होई, म्हणून ती लहर निम्म्या वेगाची असली तरी भागे. भाऊ दोन असतील तरच ही युक्ती चालते. हे लक्षात ठेवा.

माझी आखणी ताईंनी केली. साऱ्या इमारतीत त्यांना ताईच म्हणत. त्यांची मुलगी तीन वर्षांची होती, आणि माझ्या आखणीच्या कित्येक कागदांच्या मागे तिने रंगीत खडूने काढलेले गोल होते. ताईंनी अकरा महिने माझा हिशेब मांडला. पितळेच्या ठोकळ्यात खोबण किती रुंद, तिच्यात काचेची पट्टी किती लांब, पट्टीवरची सोन्याची रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक. रेघ एका जागी केसभर रुंद केली की एक दार मोकळे होई आणि दुसरे मिटे. शेवटी संगणकावर सगळे जमले. त्याप्रमाणे नमुन्याचे दोन तुकडे तयार झाले, आणि दोन्ही बहिरे निघाले. म्हणजे ऐकत होते, पण भलतेच. हव्या त्या लहरीला त्यांचा कान नव्हता.

तेव्हा ताई जिना उतरून जोडणीच्या खोलीत गेल्या.

त्या खोलीत मावशी बसत. सव्वीस वर्षे त्या सूक्ष्मदर्शकाखाली अशा नाजूक वस्तू जोडत होत्या. कामाला बसण्याआधी त्या पंखे बंद करायला लावत, कारण वाऱ्याने डायोड उडाला तर तो जन्मात सापडत नाही. मग मनगटाला एक पट्टा बांधत. त्याची तार टेबलाच्या पत्र्याला जोडलेली असे, म्हणजे अंगातली वीज गुपचूप निघून जाई. आणि डायोड उचलायला त्यांच्याकडे चिमटा नव्हता, तर काडीला बांधलेली मांजरीची मिशी होती. "दारात येते एक. तिचीच गळलेली," त्या सांगत. "ओढून घेतलेली नाही हं."

ताईंनी विचारले, "मावशी, गोंदाचा थेंब तुम्ही किती जाड ठेवता?"

"किती म्हणजे? लागेल तेवढा."

"आकड्यात सांगा ना."

"आकडा मला काय विचारतेस? थेंबाला विचार."

ताईंनी खरोखरच थेंबाला विचारले. मावशींनी टाकलेले वीस थेंब त्यांनी एकेक करून मोजले. वीसच्या वीस बारा मायक्रॉनचे. अकरा नाही, तेरा नाही.

"मावशी, तुम्ही माणूस आहात की यंत्र?"

"यंत्राला चहा लागत नाही. मला लागतो. ऊठ, टाक."

चहा उकळेपर्यंत ताई डोक्याला हात लावून बसल्या होत्या. त्यांच्या आखणीत गोंदाची जाडी शून्य होती. या धंद्यातले हुशार लोक हीच चूक करतात. सोने मोजतात, काच मोजतात, पितळ मोजतात, आणि डायोड जणू हवेने चिकटला आहे असे समजून पुढे जातात. बारा मायक्रॉन म्हणजे केसाच्या सहाव्या हिश्शाएवढे, पण माझ्या लहरींना तेवढा उंबरठाही आडवा येतो. ताईंनी शून्य खोडून बारा लिहिले आणि पुन्हा सगळी आखणी केली.

तेव्हा मित्रांनो, माझा जन्म कागदावर ताईंच्या डोक्यातून झाला हे खरे, पण तो मावशींच्या हाताच्या मापाने झाला. अंगरखा जसा एका माणसाच्या मापाचा शिवतात, तसा मी एका हाताच्या मापाचा आहे.

मावशींनी मला जोडले त्या दिवशी खोलीत कोणी खोकलेसुद्धा नाही. दोन भाऊ, चार थेंब गोंद. दुसऱ्या भावाला बसवताना मावशी अगदी हळू म्हणाल्या, "बस रे बाळा. हालू नकोस." आम्ही हाललो नाही. वरून झाकण आले, चार स्क्रू आले.

मंगळवारी सकाळी अकरा चाळीसला ताईंनी मला तपासले. आधी माझ्या तोंडासमोर साधा काळा स्पंज धरला, मग द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून गारठवलेला. ऊन वस्तू जास्त बोलते, गार वस्तू कमी. दोन्हींतला फरक मला ऐकू आला आणि तोही हव्या त्याच लहरीवर. ताईंनी आकडा नोंदवहीत लिहिला, खाली सही केली आणि जिन्यावरून ओरडल्या, "मावशी! ऐकतोय!"

खालून आवाज आला, "न ऐकून सांगतो कोणाला!"

माझ्या आयुष्यातला आनंदाचा काळ इथे संपला. तो साडेतीन तासांचा होता.

दुपारी पाळणाघरातून फोन आला, मुलीला ताप भरला होता. ताई मला सोडून जायला तयार नव्हत्या. मावशींनीच त्यांना दाराबाहेर काढले. "जा गं तू. तो काही पळून जात नाही." ताईंनी माझ्या तिन्ही दारांवर टोपणे लावली, मला डबीत ठेवले, 'हात लावू नये' असा कागद वर ठेवला आणि त्या धावत गेल्या.

तीन वाजता साहेब पाहुण्यांना घेऊन आले. साहेब म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. माणूस बोलायला गोड, कपडे कडक इस्त्रीचे. त्यांनी कागद बाजूला केला आणि मला उचलले. मनगटाला पट्टा? छे! पट्टा लावला तर घड्याळ कसे दिसणार?

"हा आमचा मिक्सर," ते म्हणाले. आमचा!

एका पाहुण्याने गमतीने विचारले, "पण जिवंत आहे का हो?"

"दाखवतो की!"

बाकावर एक जुना काट्याचा मीटर पडलेला होता. घरातल्या इस्त्रीची वायर तुटली आहे का हे बघायला तो उत्तम. पण त्याच्या पोटात जाडजूड बॅटरी असते आणि रोध मोजताना तो तारेतून वीज ढकलतो. माझ्या भावांना दोन मिलिअँपिअर म्हणजे पोटभर. त्या मीटरने शंभरावर ढकलले. साहेबांनी माझे टोपण काढले, लाल तार माझ्या दारात खुपसली, काळी पितळेला लावली. पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणाले, "साहेब, इकडे बघा," आणि फोटो काढला.

काटा हलला.

"बघा, जिवंत आहे!" साहेब म्हणाले, आणि सगळे हसले.

मित्रांनो, तो काटा माझ्या भावाच्या मरणाने हलला होता. त्यावर लोक हसले. तुम्ही म्हणता ना, तळपायाची आग मस्तकात गेली? मला तळपाय नाहीत, मस्तक नाही. पण माझ्या अंगभर पितळ आहे आणि ते अजून थंड झालेले नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला जोडले. मी बहिरा. टोपण बदलून पाहिले, तारा बदलून पाहिल्या. अगदी थोडी वीज सोडून पाहिली तर एका बाजूने वाट होती, दुसऱ्या बाजूने नव्हती. एक भाऊ गेला होता. ताई मला उघडून बघू लागल्या तेव्हा साहेब आले.

"उघडू नका, वेळ नाही. गोंद सुटला असणार एकाचा. दुसरा तयार करा."

"पण साहेब, काल चालला होता. नोंदवहीत आहे."

"काल कसाबसा टिकला, नंतर सुटला. तुम्ही तरी जागेवर कुठे होता मॅडम?"

ताईंनी नोंदवही मिटली. तापलेल्या मुलीकडे गेलेल्या आईला गप्प करायला एवढे पुरते, आणि साहेबांना ते माहीत होते.

मग ते खाली जोडणीच्या खोलीत गेले आणि आठ माणसांसमोर म्हणाले, "मावशी, वय झालं आता. डोळे साथ देत नसतील तर सांगायचं. कित्येक महिन्यांचं काम गेलं."

मला वाटले, आता मावशी ताडकन उठतील. चहाच्या वेळी कोणाची खैर न ठेवणारी बाई ती! पण मावशी उठल्या नाहीत. त्यांनी मनगटाचा पट्टा सोडला. म्हणाल्या, "असेल. परवा सुईत दोरा ओवायला तीनदा लागलं मला." त्यांना ते खरेच वाटले होते. मिशीची काडी त्यांनी खणात ठेवली आणि खण लावून घेतला.

यावर मी सगळ्यात जास्त चिडलो आहे. खोटा आरोप ऐकून भांडणारा माणूस निदान स्वतःच्या बाजूने तरी असतो. मावशी स्वतःच्याही बाजूने उरल्या नाहीत.

साहेबांना आपण काय केले ते कळले नसेल, असे मी धरून चाललो असतो. पण त्याच संध्याकाळी त्यांनी तो काट्याचा मीटर उचलला आणि आपल्या खोलीतल्या कपाटात ठेवून दिला. ज्याला काही कळलेले नाही, तो मीटर कशाला लपवेल?

माझ्या झाकणावर चिठ्ठी लागली. 'जोडणीत दोष. निकामी.' मला एका खणात टाकले. मावशींना कोठारात बसवले, स्क्रू आकाराप्रमाणे वेगळे करायला. सव्वीस वर्षे डायोड उचलणारे ते हात स्क्रू निवडत बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या सांगत, "बरं आहे इथं. डोळ्यांना त्रास नाही." कोणी विचारले नसले तरी सांगत.

मावशींच्या जागी बाहेरून एक तरुण माणूस आला. त्याला सगळे चष्मेवाला म्हणत. त्याच्यावर माझा काडीचाही राग नाही. हात स्वच्छ, पट्टा लावल्याशिवाय खुर्चीत बसत नसे. त्याने दुसरा मिक्सर जोडला, तो बहिरा निघाला. तिसरा जोडला, तोही बहिरा, आणि दोन्ही एकाच चुकीच्या लहरीवर. दोघे सारखेच चुकत होते.

आता साहेब म्हणाले, "म्हणजे आखणीच चुकलीय मॅडम." खापर फोडायला त्यांना दुसरे डोके सापडले होते.

ताईंनी वाद घातला नाही. त्या चष्मेवाल्याजवळ गेल्या आणि त्याला गोंदाचे वीस थेंब टाकायला सांगितले. वीसही सारखे, सुबक. पाच मायक्रॉनचे.

"जास्त झाले का मॅडम? मी आणखी पातळ करू शकतो."

"नको रे बाबा," ताई म्हणाल्या. थेंब चांगलेच होते, पण अंगरखा दुसऱ्याच्या मापाचा होता. पाचाने बिघडतो आणि बाराने जमतो, म्हणजे आखणी बरोबर होती. पहिला मिक्सर मंगळवारी हव्या त्या लहरीवर ऐकत होता, म्हणजे चारही थेंब बारा मायक्रॉनचेच होते. मग असा थेंब आपणहून कसा सुटेल?

त्यांनी मला खणातून काढले आणि तडक कोठारात नेले.

"मावशी, चला. हा उघडायचाय."

"मला कशाला बोलावतेस? तूच बघ."

"तुमचा गोंद आहे, तुम्ही बघा."

"नको गं." मावशींनी हातातला स्क्रू घट्ट धरला. "सुटलेला दिसला तर?"

"दिसला तर दिसला. आत्ता तरी तो तुम्हाला न बघताच दिसतोय ना?"

मावशी उठल्या. चार स्क्रू निघाले, झाकण उचलले गेले आणि बावीस दिवसांनी माझ्या पोटात उजेड पडला. मावशींनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. ठोकळा हळूहळू सरकवला. मग एकेक थेंब मोजत म्हणाल्या, "एक. दोन. तीन. चार." आवाज बदलला. "अगं, चारही बसलेत की. गोल आहेत. भेगसुद्धा नाही."

"आणि डायोड?"

"थोरल्याचं बोट काळं पडलंय." डायोडच्या अंगावर सोन्याचा एक पूल असतो, त्याला त्या बोट म्हणत. "हे सुटलेलं नाही पोरी. हे भाजलंय. कोणीतरी भाजलंय याला."

त्या खुर्चीतून उठल्या नाहीत. पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा बघितले. पुन्हा चार मोजले.

कोणी भाजले, हे शोधायला लांब जावे लागले नाही. साहेबांनी पाहुण्यांनी काढलेला तो फोटो मोठा करून मधल्या बोळातल्या फलकावर स्वतःच्या हाताने लावला होता. बावीस दिवस सारी इमारत त्याच्यासमोरून जात होती. ताईही जात होत्या. फोटोत साहेब हसत होते, मी त्यांच्या हातात होतो, लाल तार माझ्या दारात होती आणि मीटरचा काटा अर्ध्यावर. सगळ्यांनी साहेबांचा चेहरा पाहिला, हाताकडे कोणी पाहिले नाही.

ताईंनी टाचण्या काढल्या आणि फोटो घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या. मागे मावशी, त्यांच्या तळहातावर मी.

"साहेब, मीटर कुठल्या रेंजवर होता?"

साहेबांनी फोटो पाहिला. कपाटाकडे पाहिले. "नुसतं दाखवत होतो हो. एवढ्याशानं काय होतंय?"

"एवढ्याशानंच होतं. आत बघा."

"बरं, झालं ते झालं. विषय वाढवू नका. मावशींना उद्यापासून परत जागेवर बसू द्या. सॉरी, मावशी. बस?"

मावशी म्हणाल्या, "सॉरी नको मला. ती चिठ्ठी बदला."

"कुठली चिठ्ठी?"

"याच्या झाकणावरची. आणि इथं नाही, खाली. तुम्ही आठ जणांसमोर बोलला होतात."

"मावशी, हट्ट करताय तुम्ही."

"हो," मावशी म्हणाल्या. "नाहीतर कोठार आहेच. स्क्रू मला काही बोलत नाहीत. पण मग या मिक्सरांचे गोंद तुम्ही लावा."

पावसाळ्याआधी गच्चीवर वाफ मोजणारे यंत्र बसायचे होते आणि बारा मायक्रॉनचा हात साऱ्या इमारतीत एकच होता. साहेब खाली आले. आठ माणसे हातातले काम टाकून उभी राहिली. साहेबांनी जुनी चिठ्ठी नखाने खरवडून काढली, नवी घेतली आणि लिहिले, 'तपासणीत चूक.' पेनाला टोपण लावले.

मावशींनी भिंग घेऊन चिठ्ठी वाचली, गोंदाचा थेंब बघावा तशी. "कोणाची?"

खोलीत पंखे बंद होते.  साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी टोपण काढले, खाली आणखी तीन शब्द लिहिले आणि सही केली. त्यांना ते लिहिताना बघून मला वाटले होते तितके बरे वाटले नाही. थोडे वाटले.

मावशींनी पुन्हा वाचले. भिंग खाली ठेवले. खण उघडला, मिशीची काडी काढली, मनगटाला पट्टा बांधला.

"चष्मेवाले, खुर्ची ओढ इकडे. थेंब कसा टाकायचा बघ. आणि साहेब, बाजूला व्हा. उजेड अडतोय."

त्यानंतर मावशींनी जोडलेला मिक्सर आज गच्चीवरच्या यंत्रात बसून वाफ ऐकतो. त्याचे दोन्ही भाऊ धडधाकट आहेत. मला कोणी दुरुस्त केले नाही. मावशींनीच सांगितले, असाच राहू द्या, आत सगळे दिसते आहे. थोरला भाऊ माझ्या पोटात काळा पडून आहे. धाकटा अजून एका बाजूने वाट देतो, पण आता ते कोणाच्या उपयोगाचे नाही. मी अजून रागावलेलाच आहे. राग गेला की लोक विसरतात, म्हणून मी तो जपून ठेवला आहे.

मित्रांनो, नाजूक वस्तूंना न विचारता हात लावू नका, हे तुम्हाला बाई सांगतीलच. माझे मागणे त्याच्या पुढचे आहे. तुमच्या हातून काहीतरी मोडेल. मोडतेच. तेव्हा तुम्ही म्हणाल, "मोडलं." घरात कोणी विचारले, कोणी मोडले, तर म्हणाल, मांजराने. मांजराला मध्ये आणू नका, त्या जातीचे माझ्यावर उपकार आहेत. आणि ज्याचा हात तुमच्याआधी त्या वस्तूला लागला होता त्या माणसाकडे बोट दाखवू नका. तो बिचारा कदाचित तुमच्यावर विश्वास ठेवेल.

आता या, नाक लावा काचेला. चिठ्ठीतली खालची ओळ वाचा. 'मीटर मी लावला.' तीन शब्द आहेत. एका मोठ्या माणसाला ते लिहायला बावीस दिवस लागले. तुम्हाला किती लागतात, बघा.